सासूबाईंच्या ओव्या आणि बावीस प्लगइन

"माय वं! मी तं इथं बसली, अन् त्या डब्ब्यातून कोन बोलून रायलं?"

2012 साली मोबाइलवर टिपलेली स्वतःचीच ओवी संगणकातून ऐकली, तेव्हा सासूबाई अशा दचकल्या होत्या.

आमचं रोहिणखेड मोताळा तालुक्यात, घाटाखाली. पुस्तकांत गावाचं नाव येतं ते खुदावंतखान महदवीने 1582 साली बांधलेल्या मशिदीमुळे. पण जात्यावरच्या ओव्यांची नोंद कोण ठेवणार? हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे मी वाचलं होतं. मला आपल्या घरातल्याच जपायच्या होत्या. पुण्याच्या पुतण्याने वर्डप्रेसवर वेबसाइट काढून दिली, सासूबाईंच्या अकरा ओव्या त्यावर चढवल्या.

वर्डप्रेस म्हणजे चार भिंती आणि छप्पर. बाकी जे हवं ते 'प्लगइन' नावाच्या जोडण्या लावून मिळवायचं. ही सोय 2004 सालापासूनची. त्यातलं 'हॅलो डॉली' नावाचं गमतीचं प्लगइन तर कोपऱ्यात एका इंग्रजी गाण्याची ओळ दाखवतं, बस्स! त्या वेळी पानावर आवाज वाजवायलाही वेगळं प्लगइन लागायचं. ते लावलं, आणि मग मला चटकच लागली. साध्या ब्लाउजला लटकनं लावत सुटावं तसं झालं. किती जणांनी पाहिलं ते मोजणारं, फोटो सरकवणारं, दिवाळीत पानावर फुलं पाडणारं... फुकट म्हटल्यावर हात आवरतो का? मोजले तेव्हा बावीस निघाले!

गावातल्या जाऊबाई कुरकुरायच्या, "वयनी, तुमचं ते पान उघडतच नाई." नेटवर्कच तसलं, असं मी म्हणायचे. दोष नेटवर्कचा कमी आणि माझ्या फुलांचा जास्त होता, हे फार उशिरा कळलं.

सासूबाई गेल्या. वर्षश्राद्धाला सगळं गणगोत जमलं. जेवणं झाल्यावर नणंद म्हणाली, "वहिनी, आईचा आवाज लाव ना." मी वेबसाइट उघडली, तर तिथे गंभीर चूक झाल्याची एका ओळीची सूचना, बाकी काहीच नाही! मूळ रेकॉर्डिंगचा मोबाइल कधीच भंगारात गेलेला. दुसरी प्रत कुठेच ठेवली नव्हती. नणंदेकडे बघायची हिंमत होईना.

पुतण्याला फोन लावला. "काकू, घाबरू नका. जुनं काही प्लगइन आहे का?" होतं की! तेच, आवाज वाजवणारं. बनवणाऱ्याने ते कधीच वाऱ्यावर सोडलेलं, आणि सर्व्हरवर पीएचपीची नवी आवृत्ती आल्यावर त्याने मान टाकली. 2019 पासून अशा वेळी वर्डप्रेस मालकाला मेल पाठवतं. मलाही आला होता, पण मी न उघडणाऱ्या जुन्या पत्त्यावर. पुतण्याने सर्व्हरवरच्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदललं. सगळी प्लगइन एकदम बंद पडली आणि साइट उघडली! ओव्या जशाच्या तशा होत्या, कारण फायली वर्डप्रेसच्या स्वतःच्या कोठारात असतात, प्लगइनच्या पोटात नाही.

गंमत म्हणजे आवाज वाजवायची सोय 2013 पासून वर्डप्रेसमध्येच आहे. ज्याच्यापायी एवढा घाम फुटला, त्याची मला इतकी वर्षं गरजच नव्हती!

आता चारच ठेवलीत. त्यातलं एक दर आठवड्याला सगळ्याची प्रत काढून दुसरीकडे ठेवतं, ते मैत्रिणींनो, आधी लावा. नवीन घेताना ते शेवटचं कधी सुधारलं ती तारीख बघते. वर्ष-दोन वर्षं हात लागलेला नसेल तर कितीही देखणं असो, नको. अकराही ओव्या पेनड्राइव्हवर घेऊन नणंदेकडे दिल्यात, ते वेगळंच.

जुनं प्लगइन गेलं तरी पानांवर त्याच्या खुणा उरल्या आहेत, चौकोनी कंसातली अगम्य अक्षरं. रोज संध्याकाळी एकेक पान साफ करते. परवा जाऊबाईंच्या मोबाइलवर पहिली ओवी लगेच वाजली. त्यांनी ती दोनदा ऐकली आणि काही न बोलता भाकरी थापायला निघून गेल्या.