१८ अंशांवरचं बाळ

लोणंदच्या कुठल्याही घरात बाळ जन्मलं की पहिली धांदल त्याला ऊब देण्याची. टोपडं, दुपटं, आईची कूस. आशाताई आल्या की वजन करतात, काखेत थर्मामीटर लावतात, तळपाय गार लागतात का ते बघतात. तान्ह्या अंगात ऊब टिकत नाही आणि गार पडलेलं बाळ बघता बघता खालावतं.

अशाच एखाद्या बाळाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर मुद्दाम १८ अंश सेल्सिअसपर्यंत गार करतात!

हजारात आठ-नऊ बाळं हृदयाचा दोष घेऊन जन्मतात. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे दोषही तपासतात. बहुतेकांना लगेच शस्त्रक्रिया लागत नाही. पण एखाद्याच्या फुप्फुसांकडून शुद्ध रक्त आणणाऱ्या चारही नीला भलतीकडेच जोडलेल्या असतात. बाळ निळसर दिसतं, दूध ओढताना दमतं. मग नीरा, जेजुरी, सासवड अशी वारीची वाट उलटी धरून पुणे गाठायचं. त्या वाटेवरही बाळाला उबेतच ठेवायचं. गारवा द्यायचा तो भूल दिल्यानंतर.

तीन किलोच्या बाळात रक्त असतं जेमतेम २५० मिलिलिटर. हार्ट-लंग मशीन ते बाहेर घेतं, थंड करतं, प्राणवायू मिसळून परत सोडतं. डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या ठेवतात. अक्रोडाएवढं हृदय थांबतं. काही शस्त्रक्रियांत सर्वांत नाजूक टाके घालताना मशीनही थांबवतात. ठोका नाही, श्वास नाही, मेंदूच्या लहरींची रेघ सपाट. आणि बाळ जिवंत असतं.

शरीर दहा अंशांनी गार झालं की पेशींची प्राणवायूची गरज निम्म्याहून खाली येते. एरवी रक्ताविना मेंदू चार-पाच मिनिटांत इजा पावू लागतो. १८ अंशांवर सर्जनला अर्धा-पाऊण तास मिळतो. हा हिशेब कितीदा वाचला तरी माझं नवल ओसरत नाही.

टोरांटोच्या विल्फ्रेड बिगेलो यांनी १९५० मध्ये कुत्र्यांवर हे दाखवलं; पुढे शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्यांचाही अभ्यास केला. २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटात जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीला २८ अंशांपर्यंत गार करून साडेपाच मिनिटांत तिच्या हृदयाचं छिद्र शिवलं. हार्ट-लंग मशीनची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया व्हायची होती पुढच्या वर्षी. म्हणजे मशीनच्या आधी माणसाच्या हाती आली ती थंडी.

खरी कसोटी परतीची. रक्त भराभर तापवलं तर त्यात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात, मेंदू जास्त तापला तर इजा होते. मशीन चालवणारे पर्फ्युजनिस्ट डोळ्यांत तेल घालून अंश-अंश चढवतात.

गारव्याने दिलेली वेळेची ही सवलत फुकट मिळत नाही. बॉस्टनमध्ये १९८८ ते १९९२ दरम्यान, हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेल्या १७१ बाळांचे दोन गट केले: एकात प्रवाह पूर्ण थांबवला, दुसऱ्यात मंद चालू ठेवला. मुलं सोळा वर्षांची होईपर्यंत डॉक्टर त्यांना तपासत राहिले. प्रवाह थांबवलेल्या गटातली मुलं हालचालींच्या कौशल्यात मागे दिसली. पण दुसऱ्या गटातलीही सगळी निर्धोक नव्हती. म्हणून आता अनेक सर्जन गारव्यातही मानेच्या धमनीतून मेंदूकडे रक्ताची बारीक धार सोडून ठेवतात.