बांधलेल्या बोलीचा डाव

डॅलसचे बँकर अँडी बील २००१ मध्ये लास वेगासच्या बेलाजिओ कसिनोत जगातल्या नावाजलेल्या व्यावसायिक खेळाडूंसमोर पोकर खेळायला बसले. बील गणिताचे हौशी अभ्यासक. अंकसिद्धांतातली एक अटकळ त्यांच्या नावाने ओळखली जाते आणि तिच्या सिद्धतेसाठी त्यांनी स्वतः बक्षीसही लावलं आहे. त्यांचा बेत साधा होता : बोली इतकी चढी ठेवायची की पैशाचं ओझं समोरच्यांनाही जाणवावं. व्यावसायिकांनी मग आपापले पैसे एकत्र केले. डॉयल ब्रन्सन, चिप रीस, जेनिफर हारमन यांच्यासारखे खेळाडू एका भांडवलावर आळीपाळीने बीलसमोर बसू लागले. या गटाला पुढे 'द कॉर्पोरेशन' हे नाव पडलं.

त्यांनी निवडलेला खेळ होता दोघांतला लिमिट होल्डेम. चित्रपटात दिसणारं, सगळ्या चिप्स एकदम पुढे ढकलण्याचं नाट्य इथे होऊच शकत नाही. बोली किती लावायची हे नियमानेच बांधलेलं असतं. १०-२० डॉलरचं टेबल असेल तर पहिल्या दोन फेऱ्यांत दहा-दहानेच वाढ करता येते, पुढच्या दोन फेऱ्यांत वीस-वीसने. एका फेरीत साधारणपणे एक बोली आणि तीन रेज (वाढ) एवढीच मुभा. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पानं, टेबलावर सर्वांची मिळून पाच उघडी : आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर).

दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्याला यातला फरक लगेच कळेल. तिथे न बघता ब्लाइंड चालत राहणारा माणूस चाल वाढवत नेतो आणि पानं पाहिलेल्याला प्रत्येक वेळी दुप्पट टाकायला लावून पॅक करायला भाग पाडू शकतो. लिमिटमध्ये ही दहशत चालत नाही. भरलेल्या पॉटसमोर, म्हणजे टेबलावर जमलेल्या पैशांसमोर, आणखी एका ठरलेल्या बोलीला कोणी घाबरत नाही. म्हणून या खेळातलं आक्रमण आणि या खेळातली सावधगिरी, दोन्ही वेगळ्या प्रकारची असतात. दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळली की चांगला खेळाडू तयार होतो, ही समजूत मला पटत नाही. प्रश्न प्रमाणाचा नाही, जागेचा आहे. डावात शिरताना कंजूष, शिरल्यावर सढळ आणि शेवटच्या बोलीला फोल्ड करताना (पानं टाकताना) पुन्हा चिवट : चांगल्या लिमिट खेळाडूचा कल असा बदलत जातो.

एक डाव जवळून पाहू. टेबल १०-२०चं, स्मॉल आणि बिग ब्लाइंड, म्हणजे पानं पाहण्याआधीच दोघांनी सक्तीने टाकायच्या बोली, ५ आणि १०चे. तुम्ही बटनवर, म्हणजे फ्लॉपपासून प्रत्येक फेरीत सगळ्यांच्या शेवटी बोलणार. हातात बदामाचा एक्का आणि बदामाची दश्शी. तुमच्या आधी दोघांनी नुसता दहाचा कॉल केला आहे, म्हणजे चालू बोलीएवढेच पैसे भरले आहेत. तुम्ही २०चा रेज करता. स्मॉल ब्लाइंड पानं टाकतो, बिग ब्लाइंड आणि ते दोघे कॉल करतात. पॉट ८५ डॉलर.

फ्लॉप : बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर तिर्री. तुमच्या हातात अजून काहीच नाही, पण एक बदाम आलं की सर्वांत मोठा फ्लश (एकाच रंगाची पाच पानं). बिग ब्लाइंड चेक करतो (बोली न लावता थांबतो), पहिला कॉलवाला दहा लावतो, दुसरा पानं टाकतो. आता तुम्ही काय कराल? भिडस्त खेळाडू दहा भरून पान बघेल. जाणता खेळाडू इथे रेज करतो. न दिसलेल्या ४७ पानांत नऊ बदाम आहेत, म्हणजे पुढच्याच पानाला बदाम येण्याची शक्यता सुमारे १९ टक्के आणि दोन पानांत मिळून सुमारे ३५. बिग ब्लाइंड दोन बोली भरायला नको म्हणून निघून जातो. पहिला दहा भरून कॉल करतो. पॉट १२५.

टर्न : इस्पिक अठ्ठी. काही उपयोग नाही. पण तुम्ही रेज केलेला असल्यामुळे समोरचा दबकून चेक करतो आणि तुम्हीही चेक करता. हिशोब बघा. फ्लॉपवर नुसता कॉल केला असता तर दहा गेले असते आणि टर्नला समोरच्याने लावलेले वीस भरावे लागले असते, एकूण तीस. रेज करून वीसमध्ये दोन्ही पानं पाहिली. वरवर जो धीटपणा दिसतो ती खरं तर काटकसर आहे. ही युक्ती पहिल्या फेऱ्यांची बोली अर्धी असते म्हणूनच जमते, त्यामुळे लिमिटमध्ये तिचं मोल फार. समोरच्याला ती ओळखता आली तर तो फ्लॉपवरच पुन्हा रेज करेल किंवा टर्नला आपणहून वीस लावेल, आणि मग ती महागात पडते. डेव्हिड स्क्लान्स्की यांनी अशा अर्धवट जोराच्या पानांवरच्या आक्रमणाला 'सेमी-ब्लफ' म्हटलं. त्यांचं 'द थिअरी ऑफ पोकर' १९८७ मध्ये आलं आणि लिमिट खेळणाऱ्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या.

रिव्हर : किलवर दश्शी. फ्लश झाला नाही, पण दश्श्यांची जोडी जमली. समोरचा वीस लावतो. बहुधा त्याच्याकडे राजाची जोडी आहे, असं मन म्हणतं. इथे फोल्ड करणं शहाणपणाचं वाटतं, आणि लिमिटमधल्या सर्वांत महागड्या चुका नेमक्या इथेच होतात. पॉटमध्ये आता १४५ आहेत, तुम्हाला भरायचे आहेत २०. कॉल चुकला तर वीस जातील. फोल्ड चुकला तर १४५ हातचे जातील. आठात एकदा तुमच्या दश्श्या जिंकत असतील तरी कॉल बरोबर. सातदा हरून आठव्यांदा जिंकणाऱ्याला बघे भोळा समजतात, पण त्याचा हिशोब पक्का असतो. मात्र टर्नला चेक न करता तुम्ही बोली लावली असेल, त्यावर समोरच्याने रेज केला असेल आणि तो माणूस रात्रभर दबून खेळत असेल, तर हीच दश्श्यांची जोडी खुशाल टाकावी.

आता समोरच्याच्या बाजूने पाहा. पॉट १२५ आणि बोली २० असताना त्याने ब्लफ करावा किती वेळा? साधारण आठ बोलींमधली एक खोटी असेल तर तुम्ही कॉल करा वा फोल्ड, त्याला फरक पडत नाही. त्याहून जास्त खोटं बोलला तर तुम्ही दरवेळी कॉल करून त्याला लुटाल. कधीच खोटं बोलला नाही तर दरवेळी फोल्ड करून सुटाल. ब्लफ ही गणिती गरज आहे, हे जॉन फॉन नॉयमन यांनी ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासोबत १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खेळांच्या सिद्धांतावरच्या ग्रंथात मांडलं. त्यांच्या छोट्या नमुन्यातल्या पोकरमध्ये बोली लावायची ती सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट पानांवर. मधली पानं चेक करायची. मला हा निष्कर्ष आजही विलक्षण वाटतो, कारण नवखा खेळाडू मधल्या पानांवरच सर्वांत जास्त गोंधळतो.

हे सगळं कुठवर नेता येतं याचा पडताळा जानेवारी २०१५ मध्ये मिळाला. कॅनडातल्या आल्बर्टा विद्यापीठाच्या मायकेल बोलिंग आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये जाहीर केलं की दोघांतला लिमिट होल्डेम व्यवहारतः सुटला आहे. त्यांच्या 'सेफियस' या संगणक-प्रोग्रामने ४,८०० प्रोसेसर सुमारे दोन महिने वापरून स्वतःशीच डाव खेळले, आणि प्रत्येक प्रसंगी 'दुसरं काही केलं असतं तर किती मिळालं असतं' याचा हिशोब साठवत आपली चाल सुधारली. माणसाला आयुष्यभर रोज खेळूनही त्याच्यावर खात्रीने मात करता येणार नाही, इतकी त्याची चूक किरकोळ उरली.

या यंत्राच्या सवयी वाचण्यासारख्या आहेत. वाटणारा असताना ते खेळायची पानं जवळजवळ नेहमी रेज करूनच खेळतं. नुसता कॉल करून आत येणं क्वचितच. दुसऱ्या बाजूला बसल्यावर ते बहुतेक माणसांपेक्षा जास्त पानं खेळतं. त्याचं एक कारण सोपं आहे : वाटणाऱ्याने रेज केला तर पॉटमध्ये तीन लहान बोली असतात आणि भरायची असते एक. पण खरी गंमत शेवटच्या रेजची आहे. पहिल्या फेरीत वाटणाऱ्याच्या रेजवर समोरच्याने पुन्हा रेज केला, तर उरलेला शेवटचा रेज बरेच जाणकार कितीतरी पानांवर मारतात. सेफियस तो जवळजवळ कधीच मारत नाही. हातात दोन एक्के असले तरी दहा हजारात एकदासुद्धा नाही. मी याचा अर्थ असा लावतो : एक लहान बोली वाढवून आपल्या हाताचा पत्ता देण्यापेक्षा गप्प राहून, बोली दुप्पट झाल्यावर वसुली करणं फायद्याचं. सर्वांत आक्रमक चाली खेळणारं हे यंत्र सर्वांत भारी पानांवर एक पाऊल मागे राहतं.

नऊ-दहा जणांच्या टेबलावर मात्र हे जसंच्या तसं उचलू नये. तिथे कोणाच्या तरी हातात जोर असण्याची शक्यता खूप जास्त, म्हणून वाटलेली बहुतेक पानं लगेच टाकावी लागतात. आणि क्लब प्रत्येक पॉटमधून आपला वाटा कापतो. बारीकसारीक फायद्याचे डाव त्या कापणीत वाहून जातात. नशिबाचे हेलकावे तर मोठेच. १०-२०च्या टेबलावर नियमित बसायचं तर गाठीला तीनशे मोठ्या बोली, म्हणजे सहा हजार डॉलर असावेत, असा जुन्या खेळाडूंचा ठोकताळा आहे. घरखर्चाच्या पैशावर हा खेळ कोणी खेळू नये. घाबरलेला माणूस फोल्ड चुकवतो आणि चिडलेला माणूस रेज चुकवतो, हे टेबलावर रोज दिसतं. भारतात ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५च्या कायद्याने बंदी आली आहे. पण नुसत्या कवड्या किंवा बटणं घेऊन घरच्या चौघांत हे गणित घासून पाहायला काहीच हरकत नाही.

बील यांची लढत पाच वर्षं अधूनमधून चालली. बोली एक लाख-दोन लाख डॉलरपर्यंत गेली. २००४ मध्ये एकदा त्यांनी एकाच दिवसात एक कोटी डॉलरच्या वर जिंकले. फेब्रुवारी २००६ मध्ये फिल आयव्ही कॉर्पोरेशनतर्फे बसला आणि तीन दिवसांत बील यांचे एक कोटी साठ लाखांहून अधिक डॉलर घेऊन उठला. सेफियसला अजून नऊ वर्षं होती.

तोवर लिमिटचे दिवस सरत आले होते. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा टेनेसीचा हिशोबनीस इंटरनेटवरच्या स्वस्त पात्रता फेरीतून 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' या स्पर्धेत पोचला आणि पंचवीस लाख डॉलर जिंकला. टीव्हीने नो-लिमिट, म्हणजे बोलीला मर्यादा नसलेलं पोकर, घरोघरी नेलं. लिमिट उरलं ते मुख्यतः मिश्र खेळांत, जिथे पोकरचे अनेक प्रकार फिरत्या क्रमाने खेळले जातात. २००६ मध्ये 'वर्ल्ड सिरीज'ने पन्नास हजार डॉलर प्रवेशमूल्याची अशी स्पर्धा पहिल्यांदा भरवली. तिचे पाचही प्रकार बांधलेल्या बोलीचे होते, फक्त अंतिम टेबल टीव्हीसाठी नो-लिमिट ठेवलं होतं. ती जिंकली चिप रीसने, अँडी ब्लॉकशी तासन्‌तास झुंजून. पुढच्या वर्षी डिसेंबरात रीस गेला. या स्पर्धेच्या विजेत्याला आता त्याच्या नावाचा चषक देतात.