पायी घडावी पंचवटी

चैत्र शुद्ध प्रतिपदेला घरोघरी गुढ्या उभ्या राहतात आणि इकडे नाशिकच्या काळाराम मंदिरात वासंतिक नवरात्रास प्रारंभ होतो. नवमीला माध्यान्ही रामजन्म आणि कामदा एकादशीला रामरथ व गरुडरथ यांची मिरवणूक, हा क्रम नाशिककरांच्या अंगवळणी पडलेला आहे. या दिवसांत दूरदूरचे भाविक येतात. मोटार शक्य तितकी रामकुंडाजवळ आणावी, घाईने स्नान उरकावे, घाईने दर्शन घ्यावे आणि तासाभरात त्र्यंबकेश्वराच्या रस्त्याला लागावे, असा अनेकांचा परिपाठ झाला आहे. दर्शन घडते, यात्रा मात्र राहून जाते.

'यात्रा' हा शब्द 'या' म्हणजे जाणे या धातूपासून आला आहे. 'तीर्थ' हा शब्द 'तॄ' म्हणजे तरून जाणे या धातूपासून. जेथून पलीकडे जाता येते असा नदीचा उतार, ते तीर्थ. दोन्ही शब्दांत चालणे आहे, पाऊल आहे. प्रभू रामचंद्रांनी सुमंत्राला रथासह शृंगवेरपुराहून परत पाठविले. नावेने गंगा ओलांडली आणि तेथून पुढचा वनवास पायी केला. अगस्त्य मुनींनी दाखविलेल्या पंचवटीत ते चालतच आले. मग आपणही निदान पंचवटीपुरते तरी पायउतार का होऊ नये?

वयोवृद्धांनाही झेपेल अशी ही वाट आहे. अंतर फार तर दोन किलोमीटर. थांबत, टेकत चालले तरी दीड-दोन तासांत सहज होते. सूर्योदयापूर्वी रामकुंडावर यावे. श्रीरामांनी येथे दशरथ महाराजांचे श्राद्ध केले, अशी श्रद्धा आहे. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, म्हणून कोणाचा तरी हात धरून उतरावे. समोरच उंचावर कपालेश्वर आहे. येथे शंकरासमोर नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पातकातून सुटण्याचा मार्ग नंदीने दाखविला, म्हणून देवाने त्याला गुरू मानले आणि आपल्यापुढे बसू दिले नाही, अशी कथा सांगतात. देव आपल्या वाहनाला गुरू मानतो, ही गोष्ट मनात धरूनच पुढे चालावे. गुडघे कुरकुरत असतील, तर पायऱ्यांच्या तळाशीच हात जोडावेत. भोळा शंकर रागावत नाही.

तेथून गल्लीने चढत सीतागुंफेपाशी जावे. ज्या पाच वडांवरून पंचवटी हे नाव पडले, ते वड येथेच दाखवितात. गुंफेत वाकून, अंग चोरून उतरावे लागते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी वडाच्या सावलीत बसून नामस्मरण करावे. पुढे चार पावलांवर काळाराम. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकरांनी हे मंदिर काळ्या पाषाणात उभारले. भोवती भक्कम तट, तटाला चार दिशांना चार दरवाजे.

येथे वाचकांना एक विनंती आहे. आत जाण्यापूर्वी तटाला बाहेरून एक प्रदक्षिणा घालावी आणि चारही दरवाजांपाशी क्षणभर थांबावे. याचे कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी या परिसरात आम्ही कीर्तनाला उभे होतो. उत्तररंगात गुहाचे आख्यान लावले होते. रामाने निषादराजाला कसे कडकडून आलिंगन दिले, हे सांगताना आमचाही कंठ दाटून आला. आरती झाली, मंडळी पांगली. एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत आले आणि शांतपणे म्हणाले, "बुवा, आख्यान गोड झाले. पण आमच्या वडिलांनी हे दार बाहेरूनच पाहिले." आम्ही म्हणालो, "बाबा, बसा." ते बसले नाहीत. नमस्कार करून निघून गेले.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले आणि दरवाजे बंद करण्यात आले. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे सहकारी हा लढा पुढे वर्षानुवर्षे चालवीत राहिले. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ साली. रामाने ज्याला हृदयाशी धरले, त्याच्या वंशजांना रामाच्या दारात आपण बाहेर बसविले. हे आम्ही पोथीत वाचले नव्हते असे नाही. त्या दारावरून शेकडो वेळा गेलो, पण थांबलो मात्र नव्हतो.

त्या दिवसापासून आमचा नेम झाला आहे. आधी दरवाजापाशी थांबतो, मग आत जातो. मूर्तीपुढे उभे राहिल्यावर त्या गृहस्थांच्या वडिलांच्या वतीनेही एक नमस्कार घालतो.

दर्शन घेऊन पुन्हा नदीकडे उतरावे. नारोशंकराचे देवालय पाहावे. तेथील प्रचंड घंटा चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयाची खूण म्हणून ओळखली जाते. जवळच पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून नाशिककर गोदामाईच्या पुराचा अंदाज घेतात. येथे वाट संपते.

एकादशीच्या रथोत्सवात मानकरी बुवा रथापुढे उलट्या पावलांनी चालतात. देवाकडे पाठ होऊ नये, हा त्यातील भाव. आम्हांला वाटते, उलट्या पावलांनी चालणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते. आपण ज्या वाटेने आलो, ती सारी वाट त्याच्या डोळ्यांसमोर असते. यंदा रामनवमीला पंचवटीत येणे झाले, तर घरातील लहानांचा हात धरून पायी चालावे. त्यांना वड दाखवावेत, घंटा दाखवावी आणि ते दरवाजेही दाखवावेत.

जानकीजीवनस्मरण जय जय राम!