निळा संदेश, हिरवा संदेश

आयफोनवरून दुसऱ्या आयफोनला पाठवलेला संदेश निळ्या रंगात दिसतो, तर अँड्रॉइडला पाठवलेला हिरव्या. हिरव्या रंगामुळे ग्रुपबाहेर राहण्याची भीती अमेरिकेतील शाळकरी मुलांना असते. हा भेद फोनच्या दर्जाचा असल्याचा समज आढळतो. वस्तुतः तो संदेशवहनाच्या मार्गाचा आहे.

ॲपलची २०११ मध्ये आलेली आयमेसेज सेवा संदेश इंटरनेटवरून, कूटबद्ध करून पोहोचवते. समोर अँड्रॉइड असल्यास मात्र तोच संदेश जुन्या एसएमएस-एमएमएस मार्गाने जाई. त्यामुळे व्हिडिओ धूसर होत आणि दोष समोरच्या फोनला लागे.

ही सेवा अँड्रॉइडवर दिल्यास आयफोन वापरणारे पालक मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन देतील, अशी चिंता ॲपलचे अधिकारी क्रेग फेडरिगी यांनी २०१३ मध्ये ईमेलमध्ये व्यक्त केली होती. एपिक गेम्सच्या खटल्यात ती उघड झाली. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने ॲपलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यातही हा मुद्दा आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ बरोबर आरसीएस हे सामायिक मानक आयफोनवर आले. व्हिडिओ सुस्पष्ट झाले. रंग हिरवाच राहिला.

भारतातील नातलगांशी व्हॉट्सॲपवर बोलताना हा भेद जाणवत नाही, कारण ते दोन्ही फोनांवर सारखेच चालते. तेव्हा मुलांच्या हट्टाखातर आयफोन घेणाऱ्या पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की मोजलेल्या किमतीत त्या निळ्या रंगाचाही वाटा असतो.