जीर्ण विचर्चिका आणि गाजर गवत : निदानपरिवर्जनाचा विसर पडू नये

त्वचाविकाराचा रुग्ण वैद्याकडे सहसा पहिल्या दिवशी येत नाही. घरगुती लेप, शेजाऱ्याने सुचविलेले मलम, औषधाच्या दुकानातून मागून घेतलेली ट्यूब, मग दोन-तीन दवाखाने असा प्रवास करून, कंडूने रात्रीची झोप हरपल्यावर तो आपल्या दारी येतो. शीळफाट्यावर व्यवसाय करताना आम्हांस हा अनुभव नित्याचा आहे. मुंब्रा-पनवेल मार्ग, कल्याण-शीळ रस्ता आणि महापेकडे जाणारा रस्ता येथे एकत्र येतात. ट्रकचालक, हमाल, गोदामांतील कामगार, नव्या इमारतींवरील गवंडी व बिगारी अशा उघड्यावर राबणाऱ्यांची येथे वर्दळ आहे. यांपैकी अनेकांची गावे घाटावर आहेत आणि सुगीला, सणाला ते गावी जाऊन येतात. चिकित्सेच्या दृष्टीने ही गोष्ट किती महत्त्वाची आहे, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

शास्त्राधार

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे मिळून अठरा प्रकार वर्णिले आहेत. त्यांतील विचर्चिकेत कंडू, श्याववर्ण पिडका आणि बहुस्राव ही लक्षणे येतात. सुश्रुताचार्यांनी मात्र निदानस्थानात रूक्षता, रेषा, तीव्र कंडू व वेदना यांवर भर दिला आहे. हा विरोध नव्हे. नव्या उद्रेकात पाझरणारी त्वचा वर्षानुवर्षांच्या खाजविण्याने जाड, कोरडी व काळवंडलेली होते. एकाच रुग्णात या दोन्ही अवस्था आलटून पालटून दिसतात.

चिकित्सेचे थोडक्यात सार म्हणजे निदानपरिवर्जन, असे सुश्रुतांनी उत्तरतंत्रात सांगितले आहे. हे तत्त्व आपणा सर्वांस पाठ आहे. परंतु प्रत्यक्षात निदान म्हणजे दही, मासे, विरुद्धाहार व दिवास्वाप एवढ्यावरच आपली प्रश्नावली अनेकदा संपते. देश व वायू यांची दुष्टी हीसुद्धा व्याधीस कारण होते, हे चरकांनी विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात सविस्तर मांडले आहे. त्याचे ठळक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडून गेले आहे.

पुण्याचा धडा

१९५६ साली वनस्पतिशास्त्रज्ञ शेषगिरी राव यांनी पुण्याहून एका परकीय तणाची नोंद प्रसिद्ध केली. मूळ अमेरिका खंडातील हे पार्थेनियम हिस्टेरोफोरस तण. परदेशी गव्हाबरोबर ते आले, असा समज लोकांत रूढ झाला आणि काँग्रेस गवत, गाजर गवत, चटकचांदणी अशी नावे त्यास मिळाली. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात. पडीक जमीन, रस्त्याची कड, रेल्वेचा रूळ, बांधकामाचा भराव अशा कोणत्याही ठिकाणी ते रुजते. पाहता पाहता त्याने देश व्यापला.

पाठोपाठ पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञांपुढे एक नवेच चित्र उभे राहिले. शेतकरी, मजूर व उघड्यावर काम करणारे प्रौढ पुरुष मोठ्या संख्येने येऊ लागले. चेहरा, मान, कोपराचे व गुडघ्याचे सांधे येथे त्यांना तीव्र खाज व दाह होत असे. डॉ. लोणकर यांनी मिचेल व कॅलनन या परदेशी तज्ज्ञांसह १९७४ साली या व्याधीचे सविस्तर वर्णन लंडनच्या एका त्वचारोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. या वनस्पतीतील पार्थेनिन हे द्रव्य त्याचे मुख्य कारण ठरले. परागकण, पानांवरील सूक्ष्म लव आणि वाळलेल्या झाडाची धूळ यांतून ते वाऱ्यावर पसरते. म्हणजे रुग्णाने झाडास हात लावलाच पाहिजे, असे नाही.

ओळखावे कसे

प्रथम काळ विचारावा. गाजर गवत पावसाबरोबर उगवते, वर्षा व शरद ऋतूंत फुलोऱ्यावर असते. सुरुवातीची काही वर्षे व्याधी याच काळात वाढतो व पुढे शमतो. शरदात वाढ झाली की आपण पित्तप्रकोप म्हणतो आणि ते शास्त्रास धरूनच आहे. तथापि त्याच वेळी बाहेर ते तण ऐन बहरात असते, हेही ध्यानात असावे. पुढे ऋतूचे बंधन सुटते, सूर्यप्रकाशही सहन होईनासा होतो आणि रोग बारमाही होतो.

दुसरे, स्थान पाहावे. केवळ उन्हाने होणाऱ्या विकारात वरच्या पापण्या, हनुवटीखालचा भाग व कानामागील त्वचा बहुधा सुटते, कारण तेथे ऊन थेट पोहोचत नाही. धूळ मात्र सर्वत्र पोहोचते. म्हणून पापण्या सुजलेल्या व हनुवटीखालची त्वचा जाड झालेली दिसली, तर वायूवाटे येणाऱ्या कारणाचा संशय घ्यावा. शंका असल्यास पॅच टेस्टसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. भारतात वापरल्या जाणाऱ्या प्रमाणित चाचणीसंचात पार्थेनियमचा समावेश आहे.

तिसरे, भेद करावा. केवळ हातांची त्वचा फाटलेला गवंडी असेल, तर सिमेंटमधील क्रोमियमचा विचार करावा. युरोपीय संघाने २००५ पासून सिमेंटमधील विद्राव्य क्रोमियमवर मर्यादा घातली, ती याच व्याधीमुळे. घरातील सर्वांस रात्री खाज येत असेल, तर ती पामा, म्हणजे खरूज समजावी. जांघेत वा कमरेवर कडा उंचावलेली मंडले असतील, तर तो दद्रू होय. त्यास विचर्चिका समजून चिकित्सा करू नये.

एक उदाहरण

पन्नाशीचा एक ट्रकचालक आमच्याकडे आला तो नळ्यांनी भरलेली पिशवी घेऊनच. अकरा वर्षांचा आजार होता. गाव पुणे जिल्ह्यात, मुक्काम फाट्याजवळ. चेहरा व मान हत्तीच्या कातडीसारखी झालेली. खाजेपेक्षा त्याचे मोठे दुःख वेगळे होते. रोग लागेल या भीतीने घरात त्याचे ताट व अंथरूण वेगळे केले होते. हा व्याधी संसर्गजन्य नाही, हे आम्ही त्याच्या पत्नीस व मुलास समोर बसवून सांगितले. कोणत्याही काढ्याआधी दिलेले हे पहिले औषध होय, असे आमचे मत आहे.

चौकशीत कळले की गावी गेल्यावर तो अंगणात बाज टाकून झोपतो आणि अंगणाच्या कडेला पुरुषभर गाजर गवत आहे. येथेही ट्रक उभा करण्याच्या जागी तेच तण होते. मुलाने गावचे अंगण साफ केले. ट्रकची जागा बदलली. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, डोक्यास उपरणे आणि कामावरून येताच स्नान व वस्त्रबदल हे नियम लावले. तज्ज्ञाच्या सल्ल्याने स्टेरॉइड क्रमाक्रमाने कमी केले. आमच्याकडून पंचतिक्त घृत, खदिर-मंजिष्ठादी काढा, यथाकाल विरेचन आणि कोरड्या त्वचेस नित्य स्नेहन असा क्रम ठेवला. रोग समूळ गेला, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्यास रात्रीची झोप लागू लागली आणि त्याचे ताट पुन्हा सर्वांच्या पंगतीत आले.

औषधच निदान होऊ नये

या रुग्णांत काही औषधांबाबत विशेष सावधगिरी हवी. बाकुची त्वचेस प्रकाशाबाबत संवेदनशील करते. श्वित्रात तिचा हाच गुण उपयोगी पडतो, पण ज्यास ऊन मुळीच सोसवत नाही त्या रुग्णास तीच घातक ठरेल. बिब्बा स्वतःच तीव्र त्वग्दाह करणारा आहे. गाजर गवत ज्या कुलातील आहे, त्याच कुलात झेंडू, शेवंती, सूर्यफूल आणि आपला माका येतात. अशा रुग्णांत एकाची संवेदनशीलता दुसऱ्यासही लागू होण्याचा संभव असतो. म्हणून माक्याचे तेल वा फुलांचा लेप सुचविण्यापूर्वी विचार करावा. कोणताही नवा लेप आधी अल्पशा निरोगी त्वचेवर लावून पाहावा.

पाझरणाऱ्या अवस्थेत तेल चोपडू नये. तेथे निंब वा त्रिफळा क्वाथाचे परिषेक शीतल करून योजावेत. पंधरवड्याने वमन, महिन्याने विरेचन, सहा महिन्यांनी रक्तमोक्षण हा संहितोक्त क्रम रुग्णाचे बल पाहूनच स्वीकारावा. सर्वांग लाल होणे, ज्वर, पू, किंवा अंगावर एकाएकी वेदनायुक्त फोड उठणे, अशी लक्षणे दिसल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. त्यात वैद्याचा कमीपणा नाही.

रुग्ण पोटातून स्टेरॉइड वा अॅझाथायोप्रिन घेत असेल, तर ते एकाएकी बंद करविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबविल्यास जीवावर बेतू शकते.

औषधविक्रेते बंधूंस विनंती

खाज म्हटली की स्टेरॉइडयुक्त मलमाची नळी काढून देणे, ही रीत अनेक वर्षे चालत आली. काही दिवसांत आराम पडतो, म्हणून रुग्ण तीच पुन्हा मागतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा उमटतात, जांघेत व काखेत भेगांसारखे पट्टे पडतात आणि मलम थांबविताच रोग दुप्पट उसळतो. दद्रूवर हेच लावल्यास त्याचे मूळ रूप झाकले जाते व तो पसरतो. केंद्र शासनाने मार्च २०१८ मध्ये अशा मलमांतील १४ स्टेरॉइड द्रव्यांना बाह्योपयोगासाठी असलेली सवलत काढून घेतली व ती 'एच' अनुसूचीत आणली. चिठ्ठीशिवाय ती विकू नयेत, हा आता नियम आहे.

आपल्याही क्षेत्रास हा प्रश्न सुटलेला नाही. १९९९ साली लंडन येथे तपासलेल्या ११ चिनी वनौषधी मलमांपैकी ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आढळले होते. ज्या डबीवर घटक, निर्माता व परवाना क्रमांक नाही आणि जी दोन दिवसांत चमत्कार दाखविते, ती दुकानात ठेवू नये. अशा एका डबीने होणारी नाचक्की अखेरीस आयुर्वेदाच्याच पदरी पडते.

परिसर हाच रुग्ण

तण फुलोऱ्यावर येण्यापूर्वी, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून व नाकातोंडास फडके बांधून मुळासकट उपटावे. या कामास संवेदनशील रुग्णास लावू नये. मेक्सिकोतून १९८३ च्या सुमारास बंगळुरात आणलेला झायगोग्रामा हा भुंगेरा या तणाची पाने खातो आणि आज तो अनेक राज्यांत पसरला आहे. दुसरा उपाय तर आपल्या निघंटूतलाच आहे. टाकळा, म्हणजे आपला चक्रमर्द, दाट वाढला की गाजर गवतास जागा उरत नाही. पावसाळ्याच्या आरंभी ज्याची भाजी कोकणात घरोघरी होते आणि दद्रूवर ज्याचे बीज आपण लेपासाठी वापरतो, तीच वनस्पती कंडूचे मूळही रोखते, ही गोष्ट वैद्यास आनंद देणारी आहे.

जबलपूर येथील तणसंशोधन निदेशालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह होतो. आपल्या शाखांनी त्या आठवड्यात एक शाळा, एक ट्रकतळ वा एक बांधकामस्थळ निवडावे, टाकळ्याचे बी पेरावे आणि तेथील कामगारांची त्वचा तपासावी, असे आम्ही सुचवितो. तसेच प्रत्येक जीर्ण कंडूच्या रुग्णपत्रिकेत आहाराबरोबर चार प्रश्न जरूर नोंदवावेत : गाव कोणते, काम काय, झोपण्याची व बसण्याची जागा कोणती, आणि आजवर काय काय लावले? या चार उत्तरांत बहुधा अर्धी चिकित्सा सापडते. उरलेल्या अर्ध्यासाठी आपली घृते व काढे समर्थ आहेत.