पहिल्या विटेआधीची पावती

मुंबईत घर बांधण्याआधी बिल्डर काय भरतो?

● विकास शुल्क : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायदा, १९६६ नुसार.

● प्रीमियम : फंजिबल एफएसआयसाठी (म्हणजे मूळ चटईक्षेत्र निर्देशांकापलीकडच्या जादा बांधकामासाठी), इमारतीभोवती मोकळी जागा कमी सोडल्यास, जिना, लिफ्ट, लॉबी एफएसआयमधून वगळण्यासाठीही.

● परिणाम : बरीचशी रक्कम घरे विकण्याआधी जाते. कर्जाचे व्याज चढते, नफा बेताचा असलेला पुनर्विकास रखडतो आणि रहिवासी भाड्याच्या घरात अडकतात.

● २०२१ : बांधकाम क्षेत्रासाठी नेमलेल्या दीपक पारेख समितीच्या शिफारशीनंतर राज्याने ३१ डिसेंबरपर्यंत प्रीमियममध्ये ५० टक्के सवलत दिली. अट अशी : ग्राहकाचे मुद्रांक शुल्क बिल्डरने भरायचे.

पाणी-रस्त्यांसाठी शुल्क हवेच. पण ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार घ्यावे आणि त्याच वॉर्डात खर्चावे.