तो, ती, ते की त्या? : कथेतील माणसाचे सर्वनाम

मराठीत एखाद्या माणसाविषयी पहिले वाक्य लिहिले की बहुधा त्याचे लिंगही लिहून होते. 'दार ढकलून आत आला' एवढेच लिहा. नाव नाही, वय नाही, गाव नाही. पण आलेला पुरुष आहे हे वाचकाला कळून चुकते. बंगालीत 'शे' हे सर्वनाम स्त्रीपुरुष दोघांनाही चालते आणि क्रियापदही बदलत नाही. हिंदीत 'वह' दोघांना सारखाच, मात्र क्रियापद लिंग सांगते. इंग्रजीत क्रियापद मोकळे आणि सर्वनाम बांधलेले. मराठीने सर्वनाम आणि क्रियापद अशा दोन्ही वेशींवर पहारा बसवला आहे.

एरवी या पहाऱ्याचा त्रास कुणाला होत नाही. कथेतले पात्र तृतीयपंथी असेल, जोगत्या असेल, किंवा आपण कोण हे त्याचे त्यालाच अजून उमगलेले नसेल, तेव्हा मात्र लेखणी पहिल्याच ओळीत अडते. आमच्या तळेगावच्या परिसरातला एक तरुण कथाकार दोन वर्षांपूर्वी अशीच अडलेली कथा घेऊन माझ्याकडे आला. व्याकरणाचे रीतसर शिक्षण मला नाही. जुनी व्याकरणे आणि पोथ्या जमवून वाचण्याचा नाद तेवढा तीस वर्षांचा आहे. त्याची कथा घरातलीच होती. थोरला भाऊ घर सोडून गेला आणि नऊ वर्षांनी लुगड्यात, नवे नाव घेऊन परतला. आता महामार्गावर चहाची टपरी चालवतो; किंवा चालवते. तरुणाचा प्रश्न नेमका या 'किंवा'चा होता. "कथा छापून आली तर घरी वाचली जाईल," तो म्हणाला, "आणि पहिल्यांदा सर्वनामच वाचलं जाईल."

त्या प्रश्नाच्या निमित्ताने जे जमवले ते येथे मांडतो.

'ते'ची दोन रूपे

पहिला सुचणारा उपाय म्हणजे नपुंसकलिंग. मराठीत तिसरे लिंग आयते आहे, मग 'ते' का नको? इंग्रजीत एकवचनी 'दे' रूढ झाले, स्वीडिश अकादमीने 2015 साली 'हेन' हे सर्वनाम आपल्या शब्दसूचीत घेतले. आपल्याला तर नवे घडवायचीही गरज नाही, असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे.

तो पटत नाही, कारण मराठीत माणसाला लावलेले नपुंसकलिंग तटस्थ नसते. ते एक तर मायेचे असते किंवा तुच्छतेचे. 'लेकरू आलं', 'पोर दमलं', 'बाळ झोपलं' ही माया. 'काय ध्यान आहे ते!' ही तुच्छता. मायेचे 'ते' लहानांसाठी. मोठ्या माणसाला ते लावले की त्याचे मोठेपण जाते. ज्या समाजाने या माणसांना 'धड हे नाही, धड ते नाही' म्हणून वाटेला लावले, त्याच समाजाच्या भाषेतले नपुंसकलिंग त्यांना देणे म्हणजे जुनीच शिवी व्याकरणात बसवून देणे होय.

येथे लेखनाची एक गंमत आहे. आदराचे पुल्लिंगी अनेकवचनही 'ते'च. 'ते आले' हे छापील वाक्य वाचून आलेले गृहस्थ सन्माननीय आहेत की आलेले एक मूल आहे, हे एकट्या वाक्यावरून सांगता येत नाही. बोलताना 'ते आले' आणि 'ते आलं' वेगळे ऐकू येतात. जुन्या लेखनात डोळ्यांनाही वेगळे दिसत: आदराचे 'ते आले', नपुंसकाचे 'तें आलें'. दादोबा पांडुरंगांच्या 1836 सालच्या 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' या ग्रंथाच्या नावातच तो अनुस्वार आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 सालच्या शुद्धलेखन नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार गेले आणि मान व तुच्छता यांचे कागदावरचे रूप एक झाले. म्हणून कथाकाराने 'ते' लिहिताना वाक्य मोठ्याने वाचून पाहावे. वाचणाऱ्याच्या तोंडी 'आले' येते की 'आलं', यावर पात्राची प्रतिष्ठा ठरते.

परंपरेतले दाखले

व्याकरणातले लिंग आणि देहाचे लिंग एकच, हा समज मराठीने कधीच फारसा पाळलेला नाही. संस्कृतात पत्नीसाठी 'भार्या' स्त्रीलिंगी, 'कलत्र' नपुंसकलिंगी आणि 'दार' चक्क पुल्लिंगी, तेही अनेकवचनी. आपल्याकडे 'आमचे कुटुंब' नपुंसकलिंगी. 'व्यक्ती' आणि 'असामी' स्त्रीलिंगी, मग माणूस कितीही मिशाळ असो.

भक्तिपरंपरेने तर याहून मोठी मुभा घेतली. पंढरपूरचा विठ्ठल 'विठाई' झाला, ज्ञानेश्वर 'माउली' झाले. वारीत चालणारा प्रत्येक जण दुसऱ्याला 'माउली' म्हणतो. समोर बाई आहे की बुवा, हे पाहून हाक बदलत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे गोविंदप्रभू तेराव्या शतकातले, महानुभाव पंथाचे परमपूज्य. त्यांच्या लीळांमध्ये लोक त्यांना माय आणि बाप अशा दोन्ही नात्यांनी आळवताना दिसतात. एका देहाला दोन्ही लिंगांची हाक, आणि दोन्ही हाका आदराच्या: याला आपल्याच मातीत आठशे वर्षांचा आधार आहे.

महाभारताची कथा सांगणारे कीर्तनकार पाहा. अर्जुन विराटाच्या घरी बृहन्नडा म्हणून राहतो तेव्हा नावाबरोबर क्रियापदही फिरते: अर्जुन 'निघाला', बृहन्नडा 'नाच शिकवू लागली'. श्रोत्यांचा गोंधळ होत नाही, कारण सर्वनाम त्या वेळच्या नावामागे चालते. संगीत रंगभूमीवरही हेच घडले. 'मानापमान'मधली भामिनी आणि 'एकच प्याला'मधली सिंधू बालगंधर्वांनी उभी केली. 'सिंधू रडते' आणि 'नारायणराव गातात' ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाविषयी, एकाच रात्री खरी होती. आमच्या विदर्भातल्या खडी गंमतीत लुगडे नेसून उभ्या राहणाऱ्या नाच्यालाही प्रेक्षकांनी असेच दोन सर्वनामांत सांभाळले.

मात्र एक फरक विसरू नये. अर्जुन वर्ष संपताच परत अर्जुन होतो, आणि नारायणराव पडदा पडल्यावर पुरुषच असतात. वेषापुरते सर्वनाम देणे सोपे असते. खरा कस लागतो तो वेष नसून तोच जन्म असतो तेव्हा. शिखंडीच्या वाट्याला काय आले? ज्याच्यामुळे भीष्म पडले, त्याचे नाव मराठीत आजही टोमणा म्हणून वापरले जाते. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधला गुणा नाच्याचे सोंग घेतो आणि गाव सोंगालाच माणूस समजून त्याला छळते. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांतली आणि त्यांचा आधार घेतलेल्या 'जोगवा' या 2009 सालच्या चित्रपटातली देवाला सोडलेली माणसे तर परतीची वाट नसलेली. जोगत्याच्या अंगावर लुगडे चढते ते त्याच्या इच्छेने नव्हे. अशा पात्राला लुगडे पाहून 'ती' म्हणणे हाही अन्यायच ठरू शकतो. म्हणजे वस्त्र हा पुरावा नव्हे. पुरावा एकच: ते पात्र स्वतःविषयी काय बोलते.

निवेदक आणि गाव

आपले लिंग ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या निकालात स्पष्ट केले. कथेलाही हेच लागू करावे असे माझे मत आहे. मराठीत यासाठी फार सोयीची खूण आहे: प्रथमपुरुष. 'मी जातो' की 'मी जाते', 'मी आलो' की 'मी आले', हे पात्राच्या तोंडून एकदा ऐकले की निवेदकाने तेच धरून चालावे. एवढे ध्यानात ठेवावे की कोल्हापूरकडच्या बायका सर्रास 'मी येतो' म्हणतात. तेव्हा बोलीचा रिवाज कोणता आणि पात्राची निवड कोणती, हे लेखकाला माहीत हवे.

गावाचे सर्वनाम मात्र वेगळे राहू द्यावे. टपरीवरचे गिऱ्हाईक 'तो' म्हणेल, बाप नावही घेणार नाही, टवाळ पोरे आणखी काही म्हणतील. संवादातून हे पुसून टाकले तर कथा खोटी होईल. पण अवतरणचिन्हाबाहेरचे सर्वनाम गावाचे नसते, लेखकाचे असते. गाव 'तो' म्हणते आहे आणि निवेदक शांतपणे 'ती' लिहितो आहे, एवढ्या एका विसंगतीतून वाचकाला जे कळते ते दोन पानांच्या उपदेशाने कळणार नाही.

वाचकाला धक्का देण्यासाठी सर्वनाम दडवून शेवटी 'ती खरे तर पुरुष होती' असे उघड करण्याची युक्तीही टाळावी. त्यात पात्राचे आयुष्य कोड्याचे उत्तर होऊन बसते.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. सन्मान म्हणून अशा पात्राला नेहमी 'त्या' लिहावे काय? कथेतली बाकीची सारी माणसे 'तो' आणि 'ती' असताना एकाच पात्राला 'त्या' लावले, तर तो मान राहत नाही, पाटावर बसवून पंगतीबाहेर ठेवणे होते. वय, नाते आणि अधिकार पाहून इतरांना जे एकवचन किंवा अनेकवचन मिळते, तेच यांनाही मिळावे. गुरूला 'त्या', बरोबरीच्या मैत्रिणीला 'ती'.

लिंग न सांगता

उर्सुला ले ग्विन यांनी 1969 सालच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' या कादंबरीत कायम पुरुष किंवा कायम स्त्री नसलेल्या माणसांचे जग रंगवले आणि सर्वांना पुल्लिंगी सर्वनाम दिले. पुढे त्यांनाच ते खटकले आणि त्यांनी तसे लिहिले. मराठीत असे पात्र आणायचे झाले, किंवा पात्राचा स्वतःचाच निर्णय व्हायचा असला, तर काय करावे? आपल्या भाषेच्या पहाऱ्यात काही मोकळ्या वाटा आहेत.

पहिली वाट आदरार्थी अनेकवचनाच्या विभक्तीची. 'त्याला–तिला' यांत लिंग दिसते; 'त्यांना, त्यांनी, त्यांचा' यांत दिसत नाही. दुसरी वाट सकर्मक भूतकाळाची. 'त्यांनी चहा ओतला' या वाक्यात क्रियापद चहाचे लिंग सांगते, माणसाचे नाही. मात्र 'म्हणणे', 'बोलणे', 'विसरणे' ही क्रियापदे फितूर आहेत: 'म्हणाला–म्हणाली' ऐवजी 'म्हटले' वापरावे. तिसरी वाट काळाची: 'येतील', 'येत आहेत', 'येतात' यांत लिंग नाही; 'येत होते–होत्या' यांत आहे. चौथी, 'त्यांना वाटते', 'त्यांना आवडते' अशी रचना. पाचवी, बोलणाऱ्याची: 'आम्ही आलो' स्त्रीपुरुष दोघेही म्हणतात.

तरुणाच्या कथेतला एक परिच्छेद आम्ही मिळून असा बसवला: 'पहाटे त्यांनी शटर उघडले, शेगडी पेटवली, दूध ठेवले. पहिली एसटी येईपर्यंत कुणाशी बोलायचे नाही हा त्यांचा नेम. हाताला चटका बसला, तरी त्यांनी हूं की चूं केले नाही.' यात लिंग कुठेच नाही, आणि काही चुकल्यासारखेही वाटत नाही. पुढे 'बाकावर बसले–बसल्या' आले तेव्हा 'बाकावर अंग टाकले' असे केले. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकाच्या नावात अशीच वाट सापडते: 'मित्र' आणि सुमित्राची 'मित्रा', दोघांचेही षष्ठीचे रूप 'मित्राची'च.

पण ही सोय पात्राच्या अनिश्चिततेसाठी आहे, लेखकाच्या भित्रेपणासाठी नाही. ज्या पात्राने 'मी आले' असे स्वच्छ सांगितले, तिच्याविषयी तीस पाने लिंग चुकवत लिहिणे म्हणजे तिचे बोलणे ऐकू न आल्याचे सोंग करणे. हे त्या तरुणाच्याही ध्यानात आले. त्याने शेवटी कथा दोन भागांत मांडली. नऊ वर्षे घराला पत्ता नव्हता, तो भाग लिंग न सांगता. परतल्यानंतरचा भाग 'ती' लिहून. बापाचे 'तो' संवादात तसेच राहिले.

आईपाशी मात्र आम्हा दोघांचेही व्याकरण थांबले. ती ना 'तो' म्हणते, ना 'ती'. दाराशी कुणी विचारले की तिचे एकच उत्तर असते: "माह्यं लेकरू आलं." नपुंसकलिंग मोठ्या माणसाला देऊ नये, असे मी वर लिहिले आहे. आईच्या तोंडी ते चालते, कारण तिथे ते चाळिशीच्या माणसालाही लहान करत नाही, घरात घेते. निवेदकाला तो अधिकार नाही; त्याने 'ती' लिहावे.

कथा अजून छापून आलेली नाही. हस्तलिखित टपरीवर वाचून झाले आहे. तिथून एकच दुरुस्ती आली: चहात आले घालतात, गवती चहा नाही.